बालशरीर आणि रक्ताभिसरणाचा शॉक : एका वैद्यकीय कल्पनेची वाटचाल

१

वैद्यकातील काही शब्द असे आहेत की, ते प्रचारात आल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्यांचा नेमका अर्थ निश्चित झाला नाही. 'शॉक' हा त्यांपैकीच एक. आज या शब्दाचा शास्त्रीय अर्थ असा केला जातो की, शरीरातील ऊतकांना त्यांच्या गरजेइतका प्राणवायू व पोषक द्रव्ये पुरविण्यास रक्ताभिसरण असमर्थ ठरणे म्हणजे शॉक. या व्याख्येत रक्तदाबाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रक्तदाब उतरला म्हणजे शॉक आला, आणि तो उतरलेला नाही तोपर्यंत शॉक नाही, ही समजूत विसाव्या शतकाचा बराच काळ वैद्यकात रूढ होती. प्रौढ रुग्णांच्या बाबतीत ती थोडीफार चालून गेली; लहान मुलांच्या बाबतीत मात्र ती प्राणघातक ठरली. मुलाचे शरीर रक्तदाब शेवटपर्यंत टिकवून धरते, आणि तो ढासळतो तेव्हा उपचाराचा वेळ बहुधा निघून गेलेला असतो.

या ज्ञानाचा इतिहास एका सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. युद्धभूमीवरील जखमी सैनिक, पटकीच्या साथीतील रुग्ण, प्रयोगशाळेतील कुत्री आणि अतिसाराने सुकून गेलेली तान्ही मुले यांच्या निरीक्षणांतून तो तुकड्यातुकड्यांनी घडला. या सर्व टप्प्यांवर एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो : संकटकाळी शरीर जो प्रतिसाद देते, त्याला साहाय्य करावे, की त्याला आवर घालावा? या प्रश्नाचे उत्तर कालमानाप्रमाणे बदलत गेले. त्या बदलांची कारणे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

रक्ताभिसरण कोसळण्याचे एक कारण म्हणजे शरीरातील पाणी व क्षार यांचा ऱ्हास. हे कारण प्रथम स्पष्टपणे दाखविले गेले ते पटकीच्या रुग्णांत. १८३१ साली इंग्लंडच्या संडरलंड बंदरात पटकीचा प्रवेश झाला. त्या वेळी एडिंबरो येथून नुकताच पदवीधर झालेला विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा तरुण वैद्य रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक परीक्षण करण्यासाठी तिकडे गेला. रुग्णांच्या रक्तातील पाण्याचे व क्षारांचे प्रमाण घटलेले असून ते द्रव्य मलावाटे बाहेर पडले आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. हाच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक झाला, आणि या देशातील तारायंत्राच्या उभारणीत त्याने मोठी कामगिरी बजावली. त्याच्या निष्कर्षावर विसंबून स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉक्टर टॉमस लॅटा याने १८३२ च्या मे महिन्यात मरणोन्मुख रुग्णांच्या नीलांत क्षारयुक्त पाणी सोडले. त्याची पहिली रुग्ण ही एक वृद्ध स्त्री होती. सहा पाइंट द्रव दिल्यावर तिची विझत आलेली नाडी परत लागली, अंगात ऊब आली. परंतु पुढे जुलाब सुरूच राहिले, द्रव पुन्हा दिला गेला नाही, आणि काही तासांतच ती दगावली.

लॅटाची ही पद्धत त्या काळी टिकली नाही. द्रव निर्जंतुक नव्हता, त्यातील क्षारांचे प्रमाण अचूक नव्हते, आणि गेलेले द्रव्य सतत भरून काढावे लागते हे तत्त्व पुरेसे रुजले नव्हते. १८३३ साली लॅटा क्षयाने मरण पावला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सर लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात अधिक संहत क्षारद्रव वापरून पटकीचा मृत्युदर बराच खाली आणला, आणि मग या विचाराचे पुनरुज्जीवन झाले. मधल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत वैद्यकाचे लक्ष दुसरीकडेच वळले होते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शॉक हा मुख्यतः शल्यवैद्यांचा प्रश्न बनला. अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रायोगिक अभ्यासात अशी उपपत्ती मांडली की, जखमेतून येणाऱ्या वेदनासंदेशांच्या भडिमारामुळे रक्तवाहिन्यांचे नियमन करणारे मज्जाकेंद्र थकून जाते व वाहिन्या सैल पडतात. याच सुमारास रक्तदाब मोजण्याचे साधनही सुलभ झाले. इटलीतील स्किपिओने रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला बांधावयाच्या पट्ट्याचे उपकरण तयार केले, आणि रशियातील निकोलाय कोरोतकोव यांनी १९०५ साली रोहिणीवरील ध्वनी ऐकून दाब मोजण्याची रीत दिली. जे मोजता येते तेच महत्त्वाचे वाटू लागते, हा विज्ञानातील नेहमीचा अनुभव येथेही आला. शॉकचे मोजमाप म्हणजे रक्तदाबाचा आकडा, असे समीकरण हळूहळू रूढ झाले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी जखमी सैनिकांचा अभ्यास केला. त्यापूर्वीच, १९१५ साली, कॅनन यांनी भय, वेदना व क्रोध या अवस्थांत अधिवृक्क ग्रंथींचा स्राव शरीराला झुंजीसाठी कसा सिद्ध करतो हे दाखविले होते. तथापि युद्धातील शॉकचे कारण म्हणून त्यांनी व बेलिस यांनी चिरडलेल्या स्नायूंतून रक्तात मिसळणाऱ्या विषाची कल्पना उचलून धरली. हेन्री डेल यांच्या हिस्टामिनवरील प्रयोगांमुळे तिला बळकटी आली. १९२३ मध्ये कॅनन यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा ही विषोपपत्ती पुष्कळांना मान्य होती.

१९३० साली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी तिला छेद दिला. कुत्र्याच्या जखमी अवयवात नेमका किती द्रव साचतो याचे काळजीपूर्वक मापन करून त्यांनी दाखवून दिले की, शॉक येण्यास विषाची आवश्यकता नाही. अभिसरणातून वजा झालेले रक्त व रक्तद्रव हेच त्याचे पुरेसे कारण आहे. या प्रयोगशाळेतील कामात व्हिव्हियन टॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाचा वाटा फार मोठा होता. त्याचे श्रेय त्याच्या पदरात पडायला मात्र कित्येक दशके जावी लागली. १९३४ साली ब्लॅलॉक यांनी शॉकचे कारणपरत्वे वर्गीकरण केले. द्रवऱ्हास, मज्जातंतूंचा दोष, वाहिन्यांचे शैथिल्य आणि हृदयाची दुर्बलता हे त्यातील भेद आजच्या वर्गीकरणाचाही पाया आहेत. ब्लॅलॉक आणि टॉमस हीच जोडी पुढे १९४४ साली हेलन टॉसिग यांच्यासह जन्मजात हृदयदोष असलेल्या निळ्या बालकांवरील शस्त्रक्रियेची जनक ठरली.

४

शल्यवैद्यक या वाटेने जात असताना बालवैद्यक एका स्वतंत्र मार्गाने त्याच सत्यापर्यंत येत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील शहरांत दर उन्हाळ्यात अतिसाराने असंख्य तान्ही मुले मरत. खोल गेलेले डोळे, राखेसारखा वर्ण, थंड हातपाय, खोल व जलद श्वास आणि वाढती ग्लानी अशी या मुलांची लक्षणे असत. बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ हाइनरिख फिंकेलश्टाइन यांनी या अवस्थेला आहारजन्य विषबाधा मानले. म्हणजे येथेही विषाचीच उपपत्ती. तिला अनुसरून मुलाला उपाशी ठेवण्यावर भर दिला जाई.

१९१६ साली बाल्टिमोर येथे जॉन हाउलंड आणि विल्यम मॅकिम मॅरिअट यांनी अशा मुलांच्या रक्तात आम्ल साठत असल्याचे दाखविले. मॅरिअट यांनी पुढे या सर्व लक्षणांची सांगड घातली : पाणी गेल्यामुळे रक्ताचे आकारमान घटते, रक्त दाट होते, हातापायांतील प्रवाह मंदावतो, मूत्रपिंडांचे काम थांबते आणि परिणामी आम्ल साचते. ज्याला विषबाधा म्हटले जात होते ती वस्तुतः अभिसरणाची दुर्दशा होती. 'शॉक' हा शब्द त्यांच्या प्रतिपादनात केंद्रस्थानी नसला, तरी वर्णन शॉकचेच होते. जेम्स गँबल यांनी पेशींबाहेरील द्रवाची रासायनिक रचना उलगडली व त्या द्रवाचे आकारमान सोडियमवर अवलंबून असते हे स्पष्ट केले. १९४० नंतरच्या दशकात डॅनिएल डॅरो यांनी अतिसारात पोटॅशियमचाही मोठा ऱ्हास होतो हे दाखवून उपचारद्रवात त्याची भर घातली.

या अभ्यासांतून बालशरीराचे एक वैशिष्ट्य आकड्यांत व्यक्त झाले. सात किलो वजनाच्या तान्ह्या मुलाच्या शरीरात पेशींबाहेरील द्रव सुमारे १,४०० घन सेंटिमीटर असतो आणि त्यापैकी सुमारे ७०० घन सेंटिमीटर, म्हणजे निम्मा, दररोज बदलला जातो. सत्तर किलोच्या प्रौढात हे प्रमाण १४,००० पैकी २,०००, म्हणजे एक सप्तमांश असते. आवक बंद पडली आणि जावक वाढली, तर प्रौढाला जे काही दिवसांत भोगावे लागते ते बालकावर काही तासांत ओढवते. रक्ताचा हिशेबही असाच आहे. मुलाच्या शरीरात किलोमागे सुमारे ८० घन सेंटिमीटर रक्त असते. पाच किलोच्या मुलाच्या अंगात एकूण रक्त ४०० घन सेंटिमीटर. त्यातून १०० घन सेंटिमीटर गेले, तर एक चतुर्थांश रक्त गेले. प्रौढाच्या बाबतीत किरकोळ वाटणारी ही राशी येथे जीवनमरणाची असते.

५

रक्त कमी पडू लागताच शरीर काय करते? मानेतील रोहिणीच्या व महारोहिणीच्या भिंतीत दाबसंवेदी तंतू असतात. दाबात किंचितही घट झाली की त्यांच्याकडून मेंदूकडे जाणारे संदेश विरळ होतात आणि अनुकंपी मज्जासंस्था जागी होते. हृदय जलद व जोमाने धडकू लागते. त्वचा, स्नायू, आतडी व मूत्रपिंडे यांच्या रोहिण्या आकुंचन पावतात. नीलांत साठलेले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलीन ओततात. मूत्रपिंडांतून रेनिन सुटते व त्यातून वाहिन्या आकुंचित करणारे अँजिओटेन्सिन निर्माण होते. अल्डोस्टेरोन मीठ राखून ठेवते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून येणारे व्हॅसोप्रेसिन पाणी राखते. केशवाहिन्यांतील दाब उतरल्यामुळे ऊतकांतील द्रवही रक्तात ओढला जातो. या देवघेवीचा नियम अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ सालीच सांगितला होता. या साऱ्याचा हेतू एकच : हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा अखंड ठेवणे, मग त्यासाठी इतर अवयवांची उपासमार झाली तरी चालेल.

ही योजना प्रौढात आणि बालकात एकच असली, तरी तिच्यातील भर वेगवेगळ्या ठिकाणी असतो. प्रौढाचे हृदय मिनिटाला ७० ठोके देते. गरज पडल्यास ते १४० पर्यंत जाऊन आपले कार्य दुप्पट करू शकते. तान्ह्या मुलाचे हृदय स्वस्थ अवस्थेतच १४० च्या आसपास धडकत असते. ते दुप्पट करणे शक्य नाही, कारण तेवढ्या वेगात हृदयाला भरून घेण्यास अवधीच उरत नाही. शिवाय नवजात हृदयाच्या स्नायूत आकुंचनक्षम तंतूंचे प्रमाण कमी असते, त्यामुळे दर ठोक्यास बाहेर पडणारे रक्तही फारसे वाढविता येत नाही. म्हणून बालशरीराची मुख्य भिस्त राहते ती वाहिन्यांच्या आकुंचनावर. हे आकुंचन इतके प्रभावी असते की, पाव हिश्शाहून अधिक रक्त गेल्यावरही दंडावरील दाबाचा आकडा सामान्य दिसू शकतो.

वैद्याची फसगत होते ती येथेच. रक्तदाब ठीक आहे; परंतु तळहात-तळपाय थंड पडले आहेत, नखावर दाब देऊन सोडला असता लाली परतावयास दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, नाडी जलद व बारीक आहे, लघवी कमी झाली आहे, मूल प्रथम चिडचिडे व नंतर आश्चर्यकारकरीत्या शांत झाले आहे. ही शांतता बरे वाटल्याची नसून मेंदूचा पुरवठा तुटू लागल्याची असते. एक ते दहा वर्षांच्या मुलासाठी वरच्या रक्तदाबाची किमान मर्यादा काढण्याचा, वयाच्या दुपटीत ७० मिळविण्याचा नियम पुढे प्रशिक्षणातून सर्वत्र प्रसृत झाला. त्यानुसार पाच वर्षांच्या मुलाचा दाब ८० च्या खाली गेला तर तो उतरला असे समजावे. परंतु त्या नियमाबरोबरच हेही शिकविले जाऊ लागले की, या आकड्याची वाट पाहणे हीच चूक होय. दाब उतरण्यापूर्वीच्या अवस्थेला भरपाईची अवस्था असे नाव मिळाले, आणि शॉकचे निदान दाबमापकावरून मुलाच्या हातापायांवर आले. ज्या बारीकसारीक लक्षणांना यंत्रयुगाने गौण ठरविले होते, त्यांना अशा रीतीने पुन्हा प्रतिष्ठा प्राप्त झाली.

६

द्रवऱ्हासाच्या शॉकमध्ये शरीराचा हेतू आणि वैद्याचा हेतू एकच असतो : गेलेले भरून काढणे. १९६८ साली ढाका येथे डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने देऊन पटकीच्या रुग्णांना लागणारे शिरेतील द्रवाचे प्रमाण पुष्कळ घटविता येते हे सिद्ध केले. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून द्यावयाचा द्रव संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत भरून आप्तजनांच्या हातून रुग्णांना पाजविले. छावणीतील सुमारे ३० टक्क्यांचा मृत्युदर या उपचाराखालील रुग्णांत ३·६ टक्क्यांवर आला. लॅटाच्या विचाराचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत व्यापक रूप होय.

जंतुदोषातून येणारा शॉक मात्र इतका सरळ नाही. प्रौढांत त्याचे नेहमीचे चित्र म्हणजे सैल वाहिन्या, ऊबदार त्वचा आणि वाढलेला हृदयप्रवाह. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भरपूर द्रव देऊनही न सावरलेल्या ५० मुलांच्या हृदयप्रवाहाचे मापन करण्यात आले. त्यांपैकी ५८ टक्के मुलांत उलट चित्र आढळले : हृदयप्रवाह घटलेला, वाहिन्या आवळलेल्या, अंग थंड. हृदयाचा वेग वाढविण्याची सोय नसलेले बालशरीर वाहिन्या आवळून दाब राखते, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना दुर्बल हृदय अधिकच थकते, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यापूर्वी, १९९१ साली, जोसेफ कार्सिलो व त्यांचे सहकारी यांनी ३४ मुलांच्या अभ्यासावरून पहिल्या तासात किलोमागे ४० घन सेंटिमीटरहून अधिक द्रव मिळालेली मुले जास्त प्रमाणात वाचतात असे नमूद केले होते. संख्या अल्प असूनही हा निष्कर्ष जगभरच्या उपचारपद्धतीचा आधार बनला.

त्याची कठोर परीक्षा आफ्रिकेत झाली. केनिया, युगांडा व टांझानिया येथील रुग्णालयांत कॅथरिन मेटलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ज्वर आणि मंद अभिसरण असलेल्या ३,१४१ मुलांची तीन गटांत विभागणी केली. दोन गटांना आरंभीच झपाट्याने क्षारद्रव किंवा अल्ब्युमिन देण्यात आले. तिसऱ्या गटास केवळ संथ द्रव. अतिसाराची व तीव्र कुपोषणाची मुले यातून वगळलेली होती. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा वैद्यकविश्व स्तिमित झाले. पहिल्या ४८ तासांत झपाट्याने द्रव मिळालेल्या दोन्ही गटांत सुमारे १०·५ टक्के, तर संथ द्रव मिळालेल्या गटात ७·३ टक्के मुले दगावली होती. द्रवाने प्रथम नाडी सुधारली, तरी मुले अधिक मेली. शिवाय पुढील विश्लेषणात फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचणे हे प्रमुख कारण दिसले नाही. अभिसरण पुन्हा कोसळणे हे दिसले. या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना हिवताप होता, पुष्कळांना तीव्र रक्तक्षय होता, आणि कृत्रिम श्वसनाची सोय तेथे नव्हती. त्यामुळे हा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू करावा की नाही, यावर वाद झाला. तरीही एक शंका कायमची रुजली. आवळलेल्या वाहिन्या ही मुलाच्या शरीराने केलेली तडजोड असेल, तर ती एकदम मोडण्याची घाई करणे घातक नव्हे काय? २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी, अतिदक्षतेची सोय नसेल आणि रक्तदाब उतरलेला नसेल तेथे झपाट्याने द्रव देऊ नये, असे सांगितले. उपचार रोगाप्रमाणे बदलतो हे जुने सूत्र होते. तो स्थळाप्रमाणेही बदलतो, हे या निमित्ताने मान्य झाले.

७

याच प्रश्नाची दुसरी बाजू कोकणात उजेडात आली. तांबड्या विंचवाच्या दंशाने तेथील मुले दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, आणि रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी दंशानंतरच्या घटनांचा क्रम टिपला. ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि प्रथम चढलेला रक्तदाब. काही तासांनी फुप्फुसांत पाणी, फेसाळ थुंकी व शेवटी शॉक. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे उघडी ठेवते, त्यामुळे अनुकंपी संस्थेचे वादळ उठते आणि ॲड्रेनॅलीनसदृश द्रव्यांचा पूर येतो. म्हणजे रक्तऱ्हासात जो प्रतिसाद जीव वाचवितो, तोच येथे रक्ताचा थेंबही न गमावता, कारणावाचून आणि बेसुमार उसळतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झुंजता झुंजता हृदय हरते. विषाची मात्रा तीच आणि शरीर लहान, म्हणून मुलांत त्याचा तडाखा मोठा.

१९८२ साली त्यांनी ही पूर्वलक्षणे 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली, आणि पुढे वाहिन्यांचे आकुंचन सोडविणारे प्राझोसिन हे औषध वापरले. गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण पूर्वी २५ ते ३० टक्के असे. ते त्यानंतर अगदी अल्प झाले. २०११ साली त्यांनी प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो असे नियंत्रित चाचणीने दाखविले. थंड अंगाच्या मुलाला वाहिन्या सैल करणारे औषध देणे हे वरवर पाहता शॉकच्या सर्व शिकवणीविरुद्ध होते. परंतु येथे थंडपणाचे कारण निराळे होते, आणि ते रोगक्रमाच्या निरीक्षणानेच कळू शकत होते.

८

या इतिहासाचा आढावा घेतला असता असे दिसते की, विषाची, मज्जाथकव्याची, द्रवऱ्हासाची अशी प्रत्येक उपपत्ती आपापल्या क्षेत्रात काही अंशी खरी होती, आणि सर्वत्र लागू केली गेली तेव्हा फसली. कॅनन यांनी १९३२ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच शरीराच्या शहाणपणाचा गौरव केला. ते शहाणपण खरे आहे. परंतु ते आंधळेही आहे. थंडावलेल्या हातांमागे अतिसार आहे, जंतू आहेत, की विंचवाचे विष, हे शरीराच्या प्रतिसादाला ठाऊक नसते. त्याच्याजवळ एकच उत्तर असते आणि ते तो सर्व प्रसंगी देतो. हा भेद ओळखण्याचे काम वैद्याकडे उरते.

बालकाच्या बाबतीत त्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा असतो. अल्प रक्त, वेगाने बदलणारे द्रव आणि आधीच वेगात असलेले हृदय यांमुळे भरपाईची अवस्था दीर्घकाळ शाबूत भासते व क्षणात संपते. म्हणूनच दाबमापक हाती घेण्यापूर्वी मुलाच्या तळपायाला हात लावावा, हा बालवैद्यकाचा पाठ आज पहिल्या धड्यात शिकविला जातो. तो पाठ साधा आहे. परंतु तो हाती येण्यास लॅटाच्या प्रयोगापासून दीडशे वर्षे लागली.